सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी चर्चचा युवा गट पुन्हा उभा करायचा असेल तर

मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, संपल्यावर फादरांनी बाजूला घेऊन "जरा युवकांचं बघा की" असं म्हटलं आणि तुम्ही मान डोलावली, म्हणजे तुम्ही ॲनिमेटर, युवा गट चालवणारे, झालात. हातात बहुतेक एवढंच असतं: वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता उरलेला एक व्हॉट्सॲप ग्रुप, हॉलच्या कपाटातली दोन तारा तुटलेली गिटार आणि "आमच्या वेळी काय गट होता" असं सांगणारे पाच-सहा काका. तुम्ही शिक्षक असाल, नर्स असाल, बँकेत असाल. युवकांबरोबर काम करण्याचं शिक्षण घेतलेलं नसेल, तरी काही अडत नाही.

वसई किंवा मुंबईत काय चालतं ते बघून इथं नक्कल करायला जाऊ नका. तिकडे एकेका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, हजारो माणसं असतात. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव किंवा तिकडं सातारा-कराडकडे मिस्सेला येणारी सगळी कुटुंबं एका दोनशेपानी वहीत मावतात. त्यात बारावी झाली की पोरगं पुण्याला, डिप्लोमा झाला की चाकणला, नर्सिंग झालं की मुंबईला नाही तर थेट परदेशात. दर जूनला गटातली तीन-चार कामाची पोरं निघून जातात, आणि दोन वर्षांनी कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं, "आजकालच्या पोरांना देवधर्माचं काही नाही." पोरांना असतं हो, पण ती गावात नसतात.

म्हणून सुरुवातीलाच हिशेब असा धरा की तुमच्याकडे आलेला युवक दोन, फार तर तीन वर्षं राहणार आहे. एसटी स्टँडवर गाडी लागते ती सुटण्यासाठीच. गाडी गेली म्हणून कंट्रोलर रडत बसत नाही. पुढच्या सगळ्या सूचना हा हिशेब धरून आहेत.

पहिला महिना कार्यक्रम घेऊ नका

नव्या ॲनिमेटरला पहिल्याच रविवारी काहीतरी दणक्यात करावंसं वाटतं. टॅलेंट शो, सहल, बॅनर. बॅनरवर तुमचा फोटोही येतो. पण सहलीला चाळीस जण येतात आणि पुढच्या बैठकीला चौघं, हे प्रत्येक पॅरिशनं पाहिलंय.

आधी फादरांबरोबर अर्धा तास निवांत बसा. तीन गोष्टी ठरवून घ्या. हॉलची चावी कुणाकडे राहणार, युवकांनी ठरवलेल्या गोष्टीला "हो" कोण म्हणणार, आणि फादर बैठकीला कधी येणार. लहान ठिकाणी एकच फादर चर्च बघतात, शाळा बघतात, चाळीस किलोमीटरवरच्या चार कुटुंबांसाठी मिस्साही करून येतात. त्यांनी प्रत्येक बैठकीला दोन तास बसावं ही अपेक्षा चूक आहे. महिन्यातून एकदा शेवटची पंधरा मिनिटं यावं, ऐकावं, आशीर्वाद द्यावा, एवढं मागा. तेवढं मिळतं.

जे ठरलं ते एका पानावर लिहून पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्तात घालायला सांगा. कारण साधं आहे: फादरांची बदली होते. नवीन फादर आले की "हे कुणी ठरवलं?" हा प्रश्न येतोच, आणि तेव्हा ते पान कामी येतं. बरेच गट युवकांमुळे मोडत नाहीत, बदलीच्या सहा महिन्यांत मोडतात.

त्याच आठवड्यात पुणे धर्मप्रांताच्या, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या कार्यक्षेत्राच्या, युवा विभागाला कळवून टाका. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे त्याच धर्मप्रांतात येतात. शिबिरं, प्रशिक्षणं, धर्मप्रांताच्या पातळीवरचे मेळावे यांची निमंत्रणं तिथून येतात, आणि आपलं नाव यादीत नसेल तर ती येत नाहीत.

यादी करा, तीही नीट

"आपल्याकडे युवकच नाहीत" हे वाक्य यादी केल्याशिवाय कुणाला बोलू देऊ नका.

बाप्तिस्मा रजिस्टरपासून सुरुवात होते. मागच्या पंधरा ते तीस वर्षांतली नावं फादरांनी वाचून दाखवावीत आणि तुम्ही लिहावीत. रजिस्टरचे मोबाइलवर फोटो काढू नका, ते खासगी दस्तऐवज आहेत. त्याच नोंदींच्या बाजूला दृढीकरण आणि लग्नाच्या नोंदी असतात, त्यामुळे कुणाचं लग्न होऊन गेलं हेही कळतं. पण रजिस्टरात फक्त इथं जन्मलेले सापडतात. बदलीवर आलेल्या रेल्वेवाल्यांची, बँकवाल्यांची मुलं, मिरजेत नर्सिंगला आणि मेडिकलला आलेल्या मुली, कुपवाड एमआयडीसीत लागलेली बाहेरगावची पोरं त्यात नसतात. त्यांच्यासाठी रविवारी मिस्सेनंतर दारात उभं राहा आणि शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांना गाठा. ते आशीर्वाद झाला की पहिले बाहेर पडतात, त्यामुळे तुम्हाला त्यांच्या आधी दारात पोचावं लागेल.

वय कुठलं धरायचं? २०१८ ला रोममध्ये युवकांवर झालेल्या सिनडनं, म्हणजे बिशपांच्या परिषदेनं, सोळा ते एकोणतीस हा गट धरला होता. तोच धरा. आठवी-नववीच्या मुलांना यात ओढू नका. पंचविशीतल्या नोकरदारासमोर चौदा वर्षांचं पोर तोंड उघडत नाही, आणि नोकरदाराला आपण बालवाडीत आलोय असं वाटतं.

यादीचे तीन भाग करा. इथं राहणारे, बाहेर गेलेले, बाहेरून आलेले. लहान पॅरिशमध्ये दुसरा भाग सगळ्यात मोठा निघतो. तो फाडून टाकू नका, शेवटी लागणार आहे.

घरी जा

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं काम आहे. फोनवर "येतो की दादा" म्हणतात आणि येत नाहीत. घरी गेलेल्या माणसाला टाळणं अवघड असतं.

दोघं जा, शक्यतो एक पुरुष आणि एक बाई. जाताना निरोप देऊन जा. आणि गेल्यावर "चर्चला का येत नाहीस?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं खरं उत्तर आईबापांसमोर कुणी देत नाही.

कुपवाडमधल्या एका घरी आम्ही रविवारी साडेदहाला गेलो. पोरगा आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेला. आईच ओशाळली. "काय सांगू ताई, रात्रपाळी करून सकाळी साडेसातला आलाय. मिस्सा आठला. उठवायला जीव होत नाही." चहा होईपर्यंत तो तोंड धुऊन आला, खुर्चीच्या कडेवर बसला. आम्ही कंपनीचं विचारलं. मशीन कुठलं, सुपरवायझर कसा, कायम होणार का. चर्चचा विषय आम्ही काढलाच नाही. निघताना चपला घालता घालता तोच म्हणाला, "संध्याकाळचं काही असलं तर सांगा." त्याच्या खोलीत भिंतीला टेकवलेला कीबोर्ड होता, कव्हर घातलेला. आमच्याबरोबरच्या मुलीनं तो बघून ठेवला होता. पुढं क्वायरला कीबोर्डवाला मिळाला तो असा.

अशा भेटींतून तीन कारणं वारंवार निघतात. एक, वेळ. दोन, मुलींच्या घरच्यांची भीती: "तिथं पोरं-पोरी एकत्र असतात, कोण बघतंय?" तीन, जुनं भांडण: दहा वर्षांपूर्वी क्वायरमध्ये किंवा सणाच्या वर्गणीवरून बाबांचं कुणाशी तरी वाजलं आणि तेव्हापासून आख्खं घर फक्त नाताळ-ईस्टरला येतं. पहिल्या दोन कारणांवर तुम्ही काहीतरी करू शकता. तिसऱ्यात पडू नका, फक्त ऐकून घ्या. मुलाला बोलवा, बाबांना समजवायला जाऊ नका.

वार आणि वेळ

रविवारी मिस्सेनंतर लगेच बैठक ठेवली की घरी मटण शिजत असतं आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. बऱ्याच ठिकाणी शनिवारची किंवा रविवारची संध्याकाळ जमते. पण यादीतल्या लोकांना विचारून ठरवा. हॉस्टेलच्या मुलींना गेट किती वाजता बंद होतं ते आधी विचारा, आणि बैठक त्याच्या पाऊण तास आधी संपवा. दोनदा उशीर झाला की वॉर्डन परवानगी बंद करते, आणि तिचं बरोबर असतं.

पंधरा दिवसांतून एकदा पुरे. दर आठवड्याचा हट्ट धरला की तिसऱ्या महिन्यात ॲनिमेटरच दमतो. पण ठरलेला वार चुकवायचा नाही, तिघं आले तरी घ्यायची.

इथलं वर्षही डोळ्यांसमोर ठेवा. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याकडे लक्ष. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारायची सवय लागलीय, त्या दिवसांत कार्यक्रमाच्या तारखा छापू नयेत. मिरजेच्या गणपती विसर्जनाच्या दिवशी स्वागत कमानींमधून गाडी काढायची तर विसराच. पोरांचे मित्र मंडळात असतात, ती तिकडे असणार. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

बैठकीत काय करायचं

इथं जास्त थांबतो, कारण गट टिकतो किंवा मरतो तो इथंच.

बहुतेक ठिकाणी बैठक म्हणजे भाषण. कुणीतरी मोठं माणूस येतं, मोबाइलचे दुष्परिणाम सांगतं, युवक माना डोलावतात, चहा पिऊन जातात. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या 'ख्रिस्तुस व्हिव्हिट' या पत्रात नेमकं हेच हेरलंय: देवाचा अनुभव आलेल्या तरुणांना पुढं नुसत्या शिकवणुकीच्या बैठका दिल्या की ते कंटाळतात आणि त्यांच्यातली आग विझते. त्याच पत्रात युवक स्वतःच युवा सेवाकार्याचे कर्ते आहेत असंही म्हटलंय. फादरांनी किंवा कौन्सिलनं शंका काढली तर हे दाखवायला बरं पडतं.

भाषणाऐवजी वापरायला एक जुनी, खणखणीत पद्धत आहे: पाहा, पारखा, करा. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यातल्या तरुण कामगारांबरोबर ती उभी केली. पुढं ते कार्डिनल झाले. कामगार पोरांसाठीच बनलेली असल्यामुळे एमआयडीसीच्या गावात ती परकी वाटत नाही.

एक उदाहरण पूर्णच घेऊ. विषय: मोबाइलवरचं झटपट कर्ज.

सुरुवातीला एक गाणं आणि दोन मिनिटं शांतता. मग पहिली वीस मिनिटं फक्त घडलेलं सांगायचं. आपल्या ओळखीत कुणी ॲपवरून कर्ज घेतलं? कशासाठी? पुढं काय झालं? नावं घ्यायची नाहीत. एक जण सांगतो, शेजारच्यानं मोबाइल घ्यायला पैसे काढले आणि हप्ता चुकल्यावर त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन आले, अगदी सासऱ्यालासुद्धा. दुसरी सांगते, हॉस्टेलमधल्या मैत्रिणीनं फीसाठी घेतलं. या वेळात ॲनिमेटरनं उपदेश करायचा नाही. "असं करूच नये" हे शब्द ओठांवर आले तर पाणी प्या.

पुढची वीस मिनिटं शुभवर्तमान. मत्तय १८, ओवी २३ पासून: ज्याचं मोठं कर्ज माफ झालं आणि ज्यानं बाहेर जाऊन आपल्या सोबत्याची मानगूट धरली तो सेवक. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पुन्हा वाचायचं, मग प्रत्येकानं आपल्याला अडकलेला एक शब्द किंवा एक ओळ सांगायची. कुणी विचारेल, "म्हणजे कर्ज फेडायचं नाही का?" चांगला प्रश्न आहे, चर्चा होऊ द्या. देणं म्हणजे काय, माफी म्हणजे काय, अडचणीतल्या माणसाची मानगूट कोण धरतं, हे सगळं तिथून आपोआप निघतं.

शेवटची पंधरा मिनिटं कृतीला, आणि ती कृती पंधरा दिवसांत होण्यासारखी हवी. "समाजात जागृती करू" ही कृती नव्हे. "मी त्या शेजाऱ्याबरोबर बसून त्याची कर्जं एका कागदावर लिहीन" ही कृती. "सायबर फसवणुकीचा १९३० हा हेल्पलाइन नंबर पुढच्या रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये मी सांगेन" ही कृती. पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं: झालं का? नसेल झालं तर का नाही? रागवायचं नाही, पण विचारायचं.

मग भडंग, चहा आणि गप्पा. खरी बैठक कधी कधी इथंच सुरू होते, तेव्हा हॉल बंद करण्याची घाई नको.

विषय संपत नाहीत: पुण्यात खोली शोधणं, दुसऱ्या धर्मातल्या मुलीवर किंवा मुलावर जडलेलं प्रेम, पाचव्यांदा दिलेली स्पर्धा परीक्षा, दारू पिणारे वडील, जात. हो, जातही. मराठी ख्रिस्ती घरांत हा विषय असतो, दाखल्यांच्या आणि आरक्षणाच्या निमित्तानं तर रोजचा असतो, आणि चर्चमध्ये त्यावर कुणी बोलत नाही. तुमच्या बैठकीत बोलता आलं तर पोरं पुन्हा येतील. फक्त दाखले, शिष्यवृत्ती वगैरेंची माहिती देणार असाल तर त्यातल्या जाणकाराला बोलवा, ऐकीव सांगू नका.

भाषेचा गुंता

आपल्या पॅरिशमध्ये मराठी घरं आहेत, गोव्या-मंगळूरची कोकणी घरं आहेत, केरळ आणि तमिळनाडूकडून आलेले आहेत. इंग्रजी मिस्सा की मराठी यावरून मोठ्यांचं जे राजकारण चालतं ते युवा गटात शिरू देऊ नका. आमच्याकडे चालणारी रीत अशी: शुभवर्तमान मराठीतून आणि लगेच इंग्रजीतून वाचायचं, बोलायचं ज्याला ज्या भाषेत येईल त्या भाषेत, आणि शेजारी बसलेल्यानं हळूच समजावून सांगायचं. दर बैठकीला एक गाणं वेगळ्या भाषेचं. मल्याळी मुलीनं मराठी भजनाला टाळ धरला की तिला इथं घर मिळतं.

केरळच्या मुलींपैकी काही सिरो-मलबार रीतीच्या असतात. त्या कॅथलिकच आहेत, आपल्या मिस्सेत पूर्ण सहभागी होऊ शकतात. "तुमचं चर्च वेगळं ना?" असं विचारून त्यांना उभ्या उभ्या परकं करू नका.

आणखी एक इथलं वैशिष्ट्य. मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी वानलेस हॉस्पिटल आठवतं, म्हणजे प्रेस्बिटेरियन मिशन. या भागात प्रॉटेस्टंट मंडळ्या जुन्या आहेत आणि आपल्या निम्म्या पोरांचे मामा-मावश्या तिकडे आहेत. तिकडच्या युवा सभेत बँड चांगला असतो, ड्रम असतात, म्हणून पोरं जातात. त्यावरून टोमणे मारू नका. त्यांच्याबरोबर डिसेंबरात एखादी संयुक्त कॅरल संध्याकाळ ठेवा आणि आपल्या पोरांना आपल्याकडचं काय आहे ते कळेल असं बघा. मिस्सा, पवित्र तास, जपमाळ यांची तुलना ड्रमशी होतच नाही, पण कुणी नीट समजावून द्यायला हवं ना.

काम द्या, खुर्च्या नकोत

सणाला खुर्च्या लावायला युवक, पत्रावळ्या उचलायला युवक, आणि कार्यक्रम ठरवायला ज्येष्ठ मंडळी. हे चालू राहिलं तर तुमची बैठक कितीही छान असो, उपयोग नाही. फादरांकडे गटासाठी खऱ्या जबाबदाऱ्या मागा: महिन्यातल्या एका रविवारची सगळी मिस्सा, म्हणजे वाचनं, विश्वासूंच्या प्रार्थना, गाणी, अर्पण, उपवासकाळातल्या एका शुक्रवारची क्रूसाची वाट, नाताळचा गोठा, आणि पॅरिश कौन्सिलमध्ये एक जागा, बोलायच्या हक्कासह.

वाचन देताना शुक्रवारीच कागद द्या आणि एकदा माइकवर म्हणवून घ्या. "करिंथकरांस" या शब्दाला अडखळलेला पोरगा परत वेदीजवळ जात नाही, आणि मागच्या बाकावरच्या काकू हसल्या तर मग कधीच नाही.

वर्षातले मोठे ठोकळे फार नकोत. नोव्हेंबरातला ख्रिस्तराजाचा रविवार घ्या: २०२१ पासून जागतिक युवा दिन धर्मप्रांतांमध्ये त्याच दिवशी पाळतात. पुढचा मोठा मेळावा ऑगस्ट २०२७ मध्ये सेऊलला आहे. तिथं कुणी जाईल न जाईल, त्या निमित्तानं इथं बोलता येतं. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा आहे, नगरकडची मुळं असलेल्या घरांना ती जवळची. एक गाडी करून गेलात तर पोरांबरोबर आज्याही येतील आणि वर्गणीचा प्रश्न मिटेल. पावसाळा सरला की दंडोबाच्या डोंगरावर चढून जा. ७ सप्टेंबर २०२५ ला संत म्हणून घोषित झालेल्या दोघांपैकी पिएर जॉर्जो फ्रास्साती गिर्यारोहक होता, खाण अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता, आणि खिशातले पैसे गरिबांना देऊन घरी पायी जायचा. डोंगरावर बसून ही गोष्ट सांगा, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना पटकन भिडते. दुसरा कार्लो अकुतिस, पंधराव्या वर्षी गेला, संगणकात रमायचा. त्याची गोष्ट पोरांना रील्समधून आधीच माहीत असते.

सांभाळायच्या गोष्टी

हा भाग रुक्ष आहे, पण वगळू नका. अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकांची लेखी संमती घ्या. मुक्कामी शिबिराला मुलींबरोबर बाई हवीच, खोल्या वेगळ्या हव्यात, आणि कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसणार नाही. रात्री अकराला अल्पवयीन मुलीला ॲनिमेटरचा खासगी मेसेज, हेही चालणार नाही. निरोप ग्रुपवर द्या. काही वाईट घडल्याचं कळलं तर "चर्चचं नाव खराब होईल" म्हणून दाबायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. फादरांना सांगा आणि पोलिसांनाही. मुलांसाठी १०९८ हा नंबर हॉलच्या भिंतीवर लावा. मुलींच्या आईवडिलांना हे नियम कागदावर दाखवले की "कोण बघतंय?" या प्रश्नाला उत्तर मिळतं, आणि खरंच मुली यायला लागतात.

कॅरलला निघताना पॅरिशचं पत्र जवळ ठेवा, घरांची यादी आधी करा, बोलावलेल्याच घरी जा. स्पीकर लावणार असाल तर पोलीस परवानगी, आणि रात्री दहाला बंद. हल्ली वातावरण असं आहे की गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. हिंदू-मुस्लिम मित्र व्हॉलीबॉलला, डोंगरावर, पूरग्रस्तांच्या कामाला आले तर आनंदानं घ्या. त्यांच्या घरी माहीत असू द्या आणि प्रार्थनेला बसायचा आग्रह करू नका.

पैसे पावतीपुस्तकावर, पॅरिशच्या खात्यात. तुमच्या स्वतःच्या जीपेवर वर्गणी घेऊ नका, हिशेब कितीही चोख असला तरी.

किती दिवस वाट बघायची

पहिले सहा महिने आठ-दहा जण नियमित आले तर गट चाललाय असं समजा. कुणी "तेवढेच?" म्हटलं तर यादीचा पहिला भाग दाखवा, इथं राहणारेच पंचवीस असतील तर दहा म्हणजे वाईट नाही. संख्या मोजण्यापेक्षा दुसरी गोष्ट बघा: तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी बैठक झाली का? झाली नसेल तर तो गट तुमचा आहे, त्यांचा नाही. चौथ्या महिन्यापासून बैठक घ्यायचं काम जोडीजोडीनं वाटा, एक अनुभवी आणि एक नवखा. तुम्ही मागे बसा, आणि तोंडावर ताबा ठेवा.

जाणाऱ्यांना नीट पाठवा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, कॉलेजं सुरू होण्याआधी, बाहेर जाणाऱ्यांसाठी एक मिस्सा ठेवा. भाषणं नकोत. प्रत्येकाचं नाव घेऊन फादरांनी आशीर्वाद द्यावा. आणि पॅरिशच्या लेटरहेडवर, जिथं चाललाय तिथल्या धर्मग्रामाच्या फादरांच्या नावे चार ओळींचं पत्र: हा आमचा युवक, गिटार वाजवतो, वाचन करतो, तुमच्याकडे राहायला येतोय. खोली कुठं घेतलीय त्यावरून जवळचं चर्च कुठलं ते आधी शोधून द्या. नवीन शहरात पहिल्या महिन्यात गेला तर पोरगा चर्चला जात राहतो. पहिलं सेमिस्टर तसंच गेलं की मग घरी आल्यावर आईच्या धाकानंच येतो.

यादीचा दुसरा भाग आता काढा. आधीच पुण्यात असलेल्यांपैकी एकाचा नंबर प्रत्येक नव्या जाणाऱ्याला द्या, आणि त्या जुन्यालाही फोन करून सांगा, "अमका येतोय, पहिल्या रविवारी त्याला घेऊन जा." एवढ्यासाठी वेगळी संघटना काढू नका. व्हॉट्सॲपवर बाहेरगावचा वेगळा ग्रुप पुरे, आणि त्यावर गुड मॉर्निंगच्या मेसेजना बंदी.

जाणाऱ्यानं जायच्या आधी एक काम करायचं. गटाची वही असते, त्यात आपल्या जबाबदारीची दोन पानं लिहायची: गोठ्याचं सामान कुठल्या कपाटात, साउंडवाला कोण आणि तो किती पैसे घेतो, कुठली काकू कॅरलच्या पोरांना दरवर्षी जेवायला घालते, कुणाच्या घरी कुत्रा आहे. बदललेल्या फादरांना, नव्या ॲनिमेटरला आणि पुढच्या पोरांना हीच वही लागते.

नाताळात ही सगळी परत येतात. कोयना, महाराष्ट्र एक्स्प्रेस, नाही तर पहाटेची एसटी. चोवीस तारखेच्या मिस्सेत त्यांना गाऊ द्या, पण वाचनं आणि क्वायरची पहिली रांग इथल्या नव्या पोरांकडेच ठेवा. जुन्यांना मागच्या रांगेत उभं करा आणि मिस्सेनंतर पार्किंगमधल्या दुचाक्या लावायला पाठवा.